नकाशाच्या टेबलापाशी

मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या सागवानी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. सेक्स्टंट, क्रोनोमीटर, कागदी नकाशे आणि एक रेडिओ ही त्यांची सामग्री. रेडिओ वाटेतच संदेश पाठवेनासा झाला आणि कित्येक महिने किनाऱ्यावर त्यांची खबर नव्हती. पुढे गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे (२००९-१०) आणि अभिलाष टॉमी (२०१२-१३) एकेकटे जग फिरून आले, ‘तारिणी’वरून नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ आणि २०२४-२५ मध्ये तीच वाट धरली. तोवर नकाशाच्या टेबलाचं रूप पालटलं होतं. जीपीएस, पडद्यावर नकाशा दाखवणारा चार्टप्लॉटर, रडार, व्हीएचएफ रेडिओ, आसपासच्या जहाजांची ओळख दाखवणारं एआयएस, उपग्रह फोन, ऑटोपायलट, सगळं जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या हातभर जागेत आलं.

नवी नौका सजवणारे बहुतेक जण आधी स्क्रीन निवडतात. सुरुवात बॅटरीपासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे. मध्यम आकाराच्या नौकेवर ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर वीज घेतो असं धरलं, तर दिवसाला ९६ अँपिअर-तास त्याचेच. प्लॉटर, रडार, रेडिओ, दिवे यांचे मिळून आणखी ३ अँपिअर, म्हणजे ७२. बेरीज १६८. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून एका दिवसाच्या गरजेसाठीच साडेतीनशेच्या आसपास क्षमता हवी. इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी. ती या हिशेबात धरायचीच नाही. सोलर पॅनेल किती लावायचे आणि इंजिन रोज किती वेळ चालवायचं, हे या आकड्यांवरून ठरतं. रडार परवडेल की नाही, हेसुद्धा.

मग तारा. खाऱ्या हवेत साधं तांबं आतून हिरवं पडत जातं, म्हणून कथील चढवलेली तार घ्यायची आणि टोकं क्रिंप करून घट्ट बसवायची. जाडीत काटकसर केली तर काय होतं पाहा: बॅटरीपासून १० मीटरवर असलेल्या ऑटोपायलटला २.५ चौरस मिलिमीटरची तार दिली आणि तो लाटांशी झगडताना १० अँपिअर ओढू लागला, तर जाऊन-येऊन २० मीटर तारेत जवळपास दीड व्होल्ट जिरतो. बॅटरीवर १२ व्होल्ट असले तरी यंत्राला मिळतात साडेदहा. ते बंद पडतं, आणि दोष यंत्राला दिला जातो. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नाव लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण ती शोधायची वेळ येते तेव्हा नौका कललेली असते आणि तोंडात टॉर्च असतो.

सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात ती आज बहुधा एनएमईए २००० या जाळ्यावर. एक मुख्य केबल, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, मधे फांद्या. सोय मोठी, पण एक जोड ओला झाला तर वारा, खोली, दिशा सगळंच एकदम पडद्यावरून जाऊ शकतं. म्हणून ऑटोपायलटचं होकायंत्र थेट ऑटोपायलटला जोडलेलं असावं, आणि तेही स्पीकरच्या चुंबकापासून लांब. व्हीएचएफला स्वतःचा जीपीएस असावा. त्या रेडिओवरचं लाल बटण दाबलं की चॅनेल ७० वर संकटसंदेश जातो, पण नौकेची ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक (भारतीय नौकांचा ४१९ ने सुरू होतो) आधी भरलेला असेल तरच. रेडिओ बसवून हा क्रमांक न भरणं मला अक्षम्य वाटतं.

पडद्यावरच्या नकाशाबद्दल २९ नोव्हेंबर २०१४ ची रात्र आठवायलाच हवी. व्होल्वो ओशन रेसमधली ‘वेस्टास विंड’ ही अद्ययावत नौका मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराहोसच्या प्रवाळखडकांवर भर वेगात चढली. नऊही जण वाचले. जीपीएस बरोबर होता. इलेक्ट्रॉनिक नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता, आणि लहान प्रमाणावर ते खडक दिसत नव्हते. टेबलावर त्या टापूचा कागदी नकाशा पसरायला जागा असली, तर नजर एकदा तरी त्यावरून फिरते. म्हणून स्क्रीन भिंतीवर जाऊ देत, टेबलाची फळी मोकळी ठेवा.

जागेचा दुसरा धडा टॉमींच्या अपघाताचा. सुरक्षेची साधनं सोडली तर १९६८ च्याच साधनांनिशी खेळल्या जाणाऱ्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या ‘थुरिया’ या नौकेची डोलकाठी तुटली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. राखीव उपग्रह फोन आणि हातातला व्हीएचएफ संकटकाळच्या पिशवीत होते. पिशवी नौकेवरच होती, पण बिछान्यावरून हलता न येणाऱ्या माणसाला तिथवर पोचता येईना. मजकूर पाठवणारं एक छोटं उपग्रह यंत्र कामी आलं. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं.

व्हीएचएफचा अँटेना डोलकाठीच्या टोकावर असतो. काठी गेली की तोही गेला. तेव्हा एक राखीव अँटेना मागच्या कठड्यावर असावा. पिशवी कुठं टांगायची ते ठरवण्याआधी बिछान्यावर पाठ टेकून पडावं, हात लांबवावा, आणि बोटं जिथं पोचतील तिथंच हूक ठोकावा.