वडीलधाऱ्यांची विश्रांति

वृद्धांस स्वस्थ बसवून ठेवणें ही आपल्या लोकांत सेवेची परिसीमा समजली जाते. ही समजूत समुद्रापलीकडेहि गेली आहे. इंग्लंडांतील लेस्टर शहरांत भारतीय कुटुंबांची, विशेषतः गुजरात्यांची, मोठी वस्ती आहे. १९७२ सालीं युगांडांतून हांकलून लावलेल्यांपैकीं पुष्कळजण तेथें स्थायिक झाले. तेव्हांचे तरुण आज आजोबा-आजी आहेत. ब्रिटनमध्यें दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांस मधुमेह गोऱ्या लोकांच्या दुप्पट ते चौपट प्रमाणांत जडतो, आणि तोहि लवकर.

ह्याचें कांहीं मूळ शरीराच्या घडणींतच आहे. पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन ह्यांनीं २००४ सालीं स्वतःचींच मापें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३, परंतु चरबी युडकिनांच्या अंगांत शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगांत शेंकडा २१.२! "मामंजी तर सडपातळ आहेत, त्यांस व्यायाम कशाला?" असें विचारणाऱ्यांनीं हे आंकडे पाहावेत.

त्यांत भर पडते ती आदराची. मधुमेह किंवा संधिवात निघाला, कीं सून हातांतली पिशवी काढून घेते व मुलगा मोटारींतून देवळापर्यंत पोंचवितो. बाजारहाट आणि जिना एवढाच ज्यांचा व्यायाम, त्यांचा तोहि सुटतो. वस्तुतः हालणारे स्नायु रक्तांतील साखर इन्शुलिनच्या साहाय्यावांचूनहि ओढून घेतात. बसल्या जागीं हें काम होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं जुनाट व्याधि असलेल्यांसहि आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रम सांगितले आहेत. चालतां चालतां बोलतां यावें, पण गातां येऊं नये, इतपत. पासष्टीपुढें तोल सांवरण्याचा सराव आठवड्यांतून तीन दिवस हवा.

"व्यायामशाळेंत जा" हें सांगणें सोपें आहे. पण जिला इंग्रजी येत नाहीं, परपुरुषांदेखत अंग हालविणें जिला रुचत नाहीं, त्या आजीबाईंनीं कोठें जावें? हिंवाळ्यांत तेथें दुपारीं चारलाच अंधारूं लागतें. अशांकरितां देवळाचें किंवा गुरुद्वाराचें सभागृह, शिकवायला स्वभाषेंतली बाई, आणि हातापायांच्या परिचयाचा गरबा हींच साधनें आम्हांस खरीं वाटतात.

मात्र छातींत दुखत असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. पाय बधिर असल्यास जोडा घट्ट नसावा व परतल्यावर तळवे तपासावेत. इन्शुलिन घेणाऱ्यांनीं साखरेचे चार खडे जवळ ठेवूनच बाहेर पडावें.