१.० च्या आधीची मोडतोड

२०१५ च्या सुरुवातीला रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत एक नवं नाव दिसू लागलं: ‘ओल्ड आयओ’. फाइल वाचणं, फाइल लिहिणं, नेटवर्कवरून माहिती घेणं हे सगळं सांभाळणारा जो विभाग तोवर ‘आयओ’ म्हणून वापरात होता, त्यालाच हे नाव देऊन बाजूला सरकवलं होतं. मोकळ्या झालेल्या जागी नव्याने लिहिलेला ‘आयओ’ बसवला जात होता. जुन्यावर उभे असलेले प्रोग्रॅम लोकांना दुरुस्त करावे लागले. भाषेची १.० आवृत्ती तेव्हा काही महिन्यांवर आली होती; ती १५ मे २०१५ ला प्रसिद्ध झाली.

अशा बदलाला प्रोग्रॅमर मंडळी ब्रेकिंग चेंज म्हणतात. भाषेची नवी आवृत्ती घेतली की कालपर्यंत नीट चालणारा कोड कंपाइलच होत नाही, किंवा होतो आणि वेगळं उत्तर देतो. स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे भाषेसोबतच मिळणारा तयार साधनांचा साठा. मजकूर, याद्या, तारीख-वेळ, फाइली यांवाचून जवळपास कुठलाच प्रोग्रॅम होत नाही, म्हणून तिथली मोडतोड सगळ्यांना लागते. नवी भाषा शिकायला घेतलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांपूर्वीच्या पाठातला कोड चालेनासा झालेला दिसतो आणि तो वैतागतो. त्याचा वैताग खरा आहे. पण त्यातून जे निष्कर्ष काढले जातात ते बहुतेक चुकीचे असतात. माझं मत उलट आहे: भाषा लहान असताना मोडणं ही पुढे येणाऱ्या वापरकर्त्यांची काळजी असू शकते, फक्त ते कसं मोडलं जातं हे पाहायला हवं.

‘सारखं मोडतं, म्हणजे आधी विचारच केला नव्हता’

रस्टचा जुना आयओ घाईत लिहिलेला नव्हता. त्या काळी रस्टमध्ये दोन प्रकारचे थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, होते: ऑपरेटिंग सिस्टिमचे नेहमीचे, आणि भाषेने स्वतः सांभाळलेले ‘ग्रीन थ्रेड’. आयओ दोन्हींवर सारखाच चालावा म्हणून मध्ये एक थर घातला होता. कल्पना चांगली होती. पण त्या थराचा भार साधे थ्रेड वापरणाऱ्यांवरही पडत होता आणि ज्यांच्यासाठी तो घातला त्या ग्रीन थ्रेडचा हलकेपणाही हरवत चालला होता. मोझिलाचं सर्व्हो हे ब्राउझर इंजिन आणि खुद्द रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिले जात होते, त्यामुळे अशा गोष्टी प्रत्यक्ष कामात उघड्या पडत गेल्या. २०१४ मध्ये ग्रीन थ्रेड काढायचं ठरलं. मग त्यांच्यासाठी बेतलेला आयओ तसाच ठेवण्यात अर्थ उरला नाही.

गो भाषेतली वेळेची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. गो १ च्या आधी काळ हा बऱ्याच ठिकाणी नॅनोसेकंदांचा एक साधा पूर्णांक होता. ‘आज सकाळचे दहा’ हाही आकडा आणि ‘दहा मिनिटं’ हाही आकडाच. दोन क्षणांची बेरीज केली, जिला काहीच अर्थ नाही, तरी कंपायलरला त्यात वावगं दिसायचं कारण नव्हतं. २८ मार्च २०१२ ला आलेल्या गो १ मध्ये ‘टाइम’ पॅकेज मुळापासून नव्याने मांडलं गेलं: क्षणासाठी एक प्रकार, कालावधीसाठी दुसरा. आता एकाच्या जागी दुसरा वापरला की कंपायलर तिथेच अडवतो. जुने प्रोग्रॅम यात मोडले. पण तेव्हा न मोडता तीच मांडणी कायम ठेवली असती, तर आज गोमध्ये लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ती चूक करायची मुभा राहिली असती.

लायब्ररीची मांडणी चुकलीय हे कळायला ती लोकांच्या हातात जावी लागते, आणि लोकांच्या हातात गेली की ती बदलणं महाग होतं. या कात्रीतून सुटका नाही. लोक थोडे असताना बदलून घ्यायचं, एवढंच हातात असतं. आवृत्त्यांना आकडे देण्याच्या ‘सेमॅंटिक व्हर्जनिंग’ या पद्धतीचे नियमही हेच सांगतात: आवृत्तीचा पहिला आकडा शून्य असेल तोवर काहीही, कधीही बदलू शकतं.

‘मोडलं म्हणजे वापरणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं’

सोडलं की नाही हे सोबत दिलेल्या साधनांवरून ठरतं. गोच्या चमूने एप्रिल २०११ मध्ये ‘गोफिक्स’ लोकांपुढे आणलं. हा प्रोग्रॅम तुमचा जुना कोड वाचतो, त्याची रचना समजून घेतो, बदललेल्या फंक्शनांच्या जागी नवी घालतो आणि फाइल परत लिहून देतो. गोमध्ये कोडची मांडणी ‘गोफॉर्मॅट’ने आधीच एकसारखी ठेवलेली असते, त्यामुळे गोफिक्सने नेमकं काय बदललं ते स्पष्ट दिसतं आणि तपासता येतं. ‘एचटीटीपी’ हे पॅकेज ‘नेट/एचटीटीपी’ झालं, ‘जेसन’ हे ‘एन्कोडिंग/जेसन’ झालं. असे बदल तर माणसाने हाताने करायचेच नव्हते.

साधनालाही मर्यादा होत्या आणि त्या लपवल्या गेल्या नाहीत. वेळेच्या नव्या मांडणीबद्दल गो १ च्या टिपणात स्पष्ट लिहिलं आहे की एका सेकंदाचे नॅनोसेकंद म्हणून कुणी एकावर नऊ शून्यांची संख्या थेट वापरली असेल, तर गोफिक्स ती बदलणार नाही. बरोबरच आहे. ती संख्या वेळ आहे की रुपये, हे यंत्राला कसं कळणार?

सगळेच बदल इतक्या नीटपणे झाले नाहीत. ॲपलची स्विफ्ट भाषा सप्टेंबर २०१६ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत जवळजवळ पूर्ण लायब्ररीची नावं बदलून बसली. नावांना एक नियम लागला, वाक्यासारखा कोड वाचता येऊ लागला, आणि सोबत बदल करून देणारं साधनही होतं. तो निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. पण ‘सॉर्ट’ या एका नावाचं काय झालं पाहा. स्विफ्ट १ मध्ये ‘सॉर्ट’ म्हणजे यादी जागच्या जागी लावणं. स्विफ्ट २ मध्ये तेच नाव लावलेली नवी यादी परत देऊ लागलं. स्विफ्ट ३ मध्ये ते पुन्हा जागच्या जागी लावू लागलं. कंपायलर बहुतेक ठिकाणी टोकायचा, पण जुनं पुस्तक वाचणाऱ्या माणसाला टोकणारं कुणी नव्हतं. नाव काढून टाकणं परवडतं. नाव तेच ठेवून अर्थ फिरवणं सगळ्यात वाईट. काढलेलं नाव निदान लगेच चूक दाखवतं.

‘जुनंही ठेवा, नवंही द्या, मोडायचं कशाला?’

ही सूचना समंजस वाटते आणि बऱ्याचदा पाळलीही जाते. पण जुनं ठेवणंच धोक्याचं असेल तर?

एप्रिल २०१५. रस्ट १.० ची बीटा आवृत्ती बाहेर पडलेली, मुख्य आवृत्ती तोंडावर आलेली. लायब्ररीत ‘थ्रेड स्कोप्ड’ नावाचं फंक्शन होतं आणि ते लोकांना आवडत होतं. एरवी नव्या थ्रेडला मूळ फंक्शनची तात्पुरती माहिती उसनी देता येत नाही, कारण फंक्शन संपलं की ती मेमरी मोकळी होते आणि थ्रेड मागे रेंगाळत राहू शकतो. ‘स्कोप्ड’ने यावर तोडगा काढला होता. ते एक राखणदार वस्तू परत द्यायचं. फंक्शन संपताना ही वस्तू नष्ट होणार, आणि नष्ट होताना ती थ्रेड संपेपर्यंत थांबून राहणार. त्यामुळे उसनी माहिती तोवर शाबूत राहील, असा हिशेब होता.

हिशेबात एक गृहीतक दडलं होतं: प्रत्येक वस्तू कधी ना कधी नष्ट होतेच. तसं होत नाही. रस्टमध्ये मोजणी ठेवणारे पॉइंटर आहेत. त्यांचं वर्तुळ केलं, म्हणजे याने त्याला धरून ठेवलं आणि त्याने याला, तर दोन्ही कायम लटकून राहतात. राखणदार अशा वर्तुळात अडकवला की तो कधीच नष्ट होत नाही, थ्रेडसाठी कुणी थांबत नाही, आणि थ्रेड मोकळ्या झालेल्या मेमरीत लिहीत राहतो. हे सगळं ‘अनसेफ’ हा धोक्याचा कोड वेगळा दाखवणारा शब्द एकदाही न लिहिता करता येत होतं. सुरक्षित कोडमध्ये मेमरी बिघडणार नाही हे तर रस्टचं मूळ वचन.

दोन वाटा होत्या. वस्तू लटकून राहणं अशक्य होईल अशी भाषा बदलायची, किंवा वस्तू लटकू शकते हे मान्य करून त्यावर विसंबलेलं फंक्शन काढायचं. दुसरी वाट घेतली गेली, आणि १.० मध्ये ‘स्कोप्ड’ स्थिर साधनांत राहिलं नाही. मधली सात वर्षं लोकांनी बाहेरच्या लायब्ररीतून ही सोय वापरली. ऑगस्ट २०२२ मध्ये रस्ट १.६३ सोबत ‘थ्रेड स्कोप’ आलं. यात राखणदार तुमच्या हाती लागतच नाही. तुम्ही आपलं काम एका क्लोजरमध्ये, म्हणजे जागीच लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनमध्ये, देता आणि सगळे थ्रेड संपल्याशिवाय लायब्ररी तुम्हाला पुढे जाऊ देत नाही.

ती चूक थोडी उशिरा सापडली असती, तर १.० च्या वचनात अडकली असती. मग एकतर भाषेचं मूळ वचन खोटं पडलं असतं, किंवा स्थिरतेचं वचन पहिल्याच महिन्यात मोडावं लागलं असतं.

आणि जे ठेवलं जातं ते खरोखरच राहतं. रस्टला ‘एडिशन’ची सोय आहे: २०१८, २०२१, २०२४. त्या वापरून भाषेच्या व्याकरणात न जुळणारे बदलही करता येतात आणि वेगवेगळ्या एडिशनचा कोड एकाच प्रोग्रॅममध्ये नांदतो. पण स्टँडर्ड लायब्ररी सगळ्यांना मिळून एकच आहे. ती एकच असावी लागते, नाहीतर एका लायब्ररीने दिलेली यादी दुसरीला ओळखता येणार नाही. म्हणून नवी एडिशन आली तरी लायब्ररीतली जुनी फंक्शनं जात नाहीत. ‘वापरू नका’ असा शिक्का घेऊन ती तिथेच बसतात. १.० च्या आधी रस्टने यादृच्छिक आकडे, रेग्युलर एक्स्प्रेशन अशा कितीतरी गोष्टी स्टँडर्ड लायब्ररीतून बाहेर काढून वेगळ्या पॅकेजांत नेल्या, त्याला हेही मोठं कारण आहे. बाहेरचं पॅकेज आपली दुसरी, तिसरी आवृत्ती काढू शकतं.

‘१.० झालं की काळ्या दगडावरची रेघ’

वचन मिळतं, पण त्याचा अर्थ ‘काहीही बदलणार नाही’ असा नसतो. नुसती भर घातली तरी जुना कोड मोडू शकतो. जुलै २०२४ मध्ये रस्ट १.८० च्या स्टँडर्ड लायब्ररीत एक छोटी सोय वाढवली गेली. एका ठिकाणी कंपायलर आधी प्रकार स्वतः ओळखत होता, कारण पर्याय एकच होता. आता पर्याय दोन झाले आणि त्याला ठरवता येईना. रस्टमधल्या ‘टाइम’ या लोकप्रिय पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या त्यामुळे कंपाइल होईनात, आणि त्यांवर अवलंबून असलेले असंख्य प्रोग्रॅमही अडले. रस्टच्या नियमांत अशा भरीला सूट आहे. ज्यांचं काम अडलं त्यांना त्या सुटीचं समाधान वाटलं नसेल.

गोने एक धोका आधीच ओळखला होता. मॅपमधल्या, म्हणजे किल्ली-किंमत जोड्यांच्या साठ्यातल्या, नोंदी कुठल्या क्रमाने येतील याची हमी नाही, असं नुसतं लिहून भागत नाही. क्रम योगायोगाने तोच येत राहिला की लोक त्यावर विसंबतात. म्हणून गोमध्ये तो क्रम मुद्दाम अनिश्चित ठेवला आहे.

तिसरा प्रकार थेट आपल्या लिपीचा आहे. रस्टच्या अधिकृत पुस्तकात मजकुराचं प्रकरण समजावताना ‘नमस्ते’ हा देवनागरी शब्द घेतला आहे. बाइट मोजले तर १८, युनिकोड चिन्हं मोजली तर ६, आणि वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं मोजली तर ४: न, म, स्, ते. मराठी वाचकाला इथेच खटकेल. आपण ‘स्ते’ एक अक्षर मानतो. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नियम सुधारला गेला आणि त्यानुसार उत्तर ३ येतं. ‘क्ष’ आधी दोन मोजला जायचा, आता एक. फंक्शनचं नाव तेच, तुमचा कोड तोच, उत्तर मात्र वेगळं आणि आधीपेक्षा बरोबर. दिसणारी अक्षरं मोजायचं काम रस्टने १.० च्या सुमारास स्टँडर्ड लायब्ररीबाहेर नेलं. मराठीत काम करणाऱ्याला त्यासाठी वेगळं पॅकेज घ्यावं लागतं, हे गैरसोयीचं आहे. तरी मला तो निर्णय पटतो, कारण नियम सुधारला की ते पॅकेज आपल्या गतीने नवी आवृत्ती काढू शकतं.

‘पायथन ३ चं काय झालं ते पाहा’

हा दाखला नेहमी दिला जातो, पण तो इथे लागू होत नाही. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आली तेव्हा भाषा १७ वर्षांची होती आणि जगभर पसरलेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीचा कोड एकाच प्रोग्रॅममध्ये एकत्र चालत नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याची वाट पाहावी लागली. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला थांबला, म्हणजे स्थित्यंतराला ११ वर्षं लागली. यातून दिसतं ते मोठेपणी मोडण्याचं मोल. लहानपणी मोडू नये असं त्यातून सिद्ध होत नाही. झालंच तर उलट होतं. २०२५ च्या ०.१५ आवृत्तीत झिग भाषेने वाचण्या-लिहिण्याची सगळी साधनं नव्याने मांडली आणि जुना कोड भरपूर मोडला. शून्याने सुरू होणारा आवृत्तीचा आकडा अजून हाती होता, तेव्हाच त्यांनी हे केलं.

अशी भाषा शिकायला घेताना कंपायलरची आवृत्ती प्रकल्पात नोंदवून ठेवावी, आणि पाठ कधीचा आहे हे बघूनच कोड उचलावा. नवी आवृत्ती घेण्याआधी तिचं बदलांचं टिपण वाचावं. काय मोडलं आणि त्याजागी काय वापरायचं हे त्यात दिलेलं असेल, तर ती भाषा चालवणारी माणसं जबाबदार आहेत असं समजायला हरकत नाही. रस्टच्या दस्तऐवजात स्टँडर्ड लायब्ररीच्या प्रत्येक स्थिर फंक्शनशेजारी ते कुठल्या आवृत्तीपासून स्थिर आहे हे छापलेलं असतं. ‘थ्रेड स्कोप’च्या शेजारी १.६३.० दिसेल.