मालगुजारी तलावांतील शैवले व अन्नजाल

पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत भातशेतीच्या सिंचनासाठी बांधलेल्या जुन्या तलावांना मालगुजारी तलाव म्हणतात. या तलावांतील शैवलांनी तयार केलेले अन्न गोगलगाई, कीटक, मासे, पक्षी व मनुष्य यांच्यापर्यंत ज्या परस्परसंबंधांतून पोहोचते, ते त्यांचे अन्नजाल होय. पाण्यात बुडालेल्या वनस्पतींच्या पृष्ठभागावर वाढणारी शैवले हा या अन्नजालाचा एक प्रमुख, पण सहज नजरेस न येणारा पाया आहे.

इतिहास व स्वरूप : गोंड राजवटीत मुख्यतः कोहळी समाजातील जाणकारांनी उताराच्या जमिनीवर मातीच्या पाळी घालून हे तलाव बांधले. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक असून लहान तलावांस बोडी म्हणतात. पुढे त्यांची मालकी मालगुजारांकडे होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ किंवा संक्षेपाने ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. बहुतेक तलाव उथळ असल्याने पाणी निवळ असताना सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. अन्नजालाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे.

उत्पादक : तलावातील शैवले दोन प्रकारे राहतात. काही पाण्यात तरंगतात, त्यांस वनस्पतिप्लवक म्हणतात. तर काही आधारास चिकटून वाढतात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम इ. निमग्न वनस्पती, कमळाचे देठ आणि देवधानाची ताटे हे असे आधार होत. पाण्यातील काडी बोटांनी चोळली असता लागणारा तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर म्हणजे या चिकट्या शैवलांचाच समूह होय. त्यात नॅव्हिक्युला, गॉम्फोनेमा, नित्झ्किया इ. करंडक वनस्पती (डायाटम), तंतुमय हरित शैवले व नील-हरित शैवले असतात. एका वनस्पतीच्या असंख्य पानांचे एकत्रित क्षेत्रफळ तिच्याखालील जमिनीच्या कित्येक पट असू शकते. त्यामुळे शैवलांना वाढीसाठी विस्तीर्ण जागा मिळते.

भक्षक : निमग्न वनस्पतींच्या जून ऊतींपेक्षा हा थर मऊ, पचनास सुलभ व पोषक असतो. गोगलगाई, चतुरांचे भक्ष्य ठरणारी मेफ्लायची पिल्ले व कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या तो खरवडून खातात. रोहू मासाही तो आवडीने खातो. बांगलादेशात तळ्यांत बांबू रोवून शैवलांना आधार दिला असता रोहूचे उत्पादन वाढल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. गोगलगाई, कीटक व लहान मासे यांवर मरळ, शिंगी, मांगूर इ. मासे जगतात. त्यांवर बगळे, पाणकावळे आणि ढीवर समाजाची मासेमारी अवलंबून असते. माशांची अंडी व पिल्ले यांना वनस्पतींच्या दाटीत आसराही मिळतो.

ऋतुचक्र : पावसाळ्यात ओढ्यांबरोबर गाळ येऊन पाणी गढूळ होते व प्रकाश खोलवर जात नाही. पावसानंतर गाळ बसला की निमग्न वनस्पती जोमाने वाढतात व हिवाळ्यात त्यांवरील शैवलांना बहर येतो. उन्हाळ्यात पाणी आटते, काठ उघडे पडतात व त्यांवर गुरे चरतात. शैवलांचे बीजुक व सूक्ष्म प्राण्यांची टिकाऊ अंडी मात्र सुकलेल्या चिखलात शिल्लक राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर चक्र पुन्हा सुरू होते.

ध्रुवीय समुद्राशी साम्य : आधारास चिकटलेल्या शैवलांवर उभारलेल्या अन्नजालाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ध्रुवीय समुद्रात आढळते. तेथे आधाराचे काम समुद्रहिम करते. हिमाच्या तळाशी व त्यातील खाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म नलिकांत करंडक वनस्पती वाढतात. वसंत ऋतूच्या आरंभी खुल्या पाण्यातील प्लवक विरळ असताना हेच अन्न उपलब्ध असते. आर्क्टिकमधील कॅलॅनस हे कवचधारी प्राणी व अंटार्क्टिकमधील क्रिलची पिल्ले त्यावर पोसली जातात, आणि त्यांवर मासे, सील, पेंग्विन व देवमासे जगतात. नित्झ्किया हा वंश समुद्रहिमात व विदर्भातील तलावांत असा दोन्हीकडे आढळतो. आर्क्टिकमधील सप्टेंबर महिन्याच्या हिमाचे क्षेत्र १९७९ पासून दर दशकास सु. १२ टक्के या गतीने घटत आहे. समुद्र तेथेच राहतो. नाहीसा होतो तो शैवलांचा आधार. तलावांतही नेमके हेच घडू शकते.

ऱ्हास : मालगुजारी तलावांतील निमग्न वनस्पती अनेक कारणांनी घटतात. गाळ साचून पाणी गढूळ राहते. मूळची उष्ण अमेरिकेतील बेशरम ही वनस्पती काठ व्यापते, तर जलपर्णी पृष्ठभाग झाकून प्रकाश अडविते. मत्स्यसंवर्धनासाठी सोडलेला गवत्या मासा निमग्न वनस्पती खातो. खतांचा व सांडपाण्याचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. नायट्रोजन व फॉस्फरस वाढले की प्रथम पानांवरील शैवलांचाच थर जाड होतो व पानांना प्रकाश मिळेनासा होतो. अशा रीतीने शैवले स्वतःच्या आधाराचाच नाश करतात. वनस्पती गेल्यावर तळाचा गाळ ढवळला जातो, तरंगती शैवले माजतात व पाणी हिरवे-गढूळ होते. ही अवस्था एकदा आली की पोषकद्रव्ये थोडी कमी करूनही ती सहसा पालटत नाही. अशा तलावात पाणी भरपूर दिसते आणि त्यावर भातही पिकतो. परंतु स्थानिक मासे व पाणपक्षी यांची विविधता घटते. मच्छिमार सहकारी संस्थांना मग विकत आणलेल्या मत्स्यबीजावर अधिकाधिक विसंबावे लागते.

संधारण : गाळ काढणे हा तलावदुरुस्तीचा रूढ मार्ग आहे. त्याने साठवणक्षमता वाढते. मात्र संपूर्ण तळ खरवडल्यास चिखलातील बीजे, कंद व टिकाऊ अंडीही निघून जातात. म्हणून गाळ टप्प्याटप्प्याने काढणे व काठाचा काही भाग राखून ठेवणे हितावह असते. गोंदिया जिल्ह्यात ढीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटून स्थानिक जलवनस्पतींची पुन्हा लागवड केली आहे. कोणत्या माशाला कोणत्या वनस्पतीचा आसरा लागतो, हे त्यांचे परंपरागत ज्ञान या कामी उपयोगी पडले. तलावाची किंमत केवळ साठलेल्या पाण्याच्या घनफळावर ठरविणे अपुरे आहे. त्या पाण्यात प्रकाश कोठवर पोहोचतो व शैवलांना आधार मिळतो की नाही, यावरही ती अवलंबून असते.