नोटिशीचे तीस दिवस आणि नवरदेवाची तयारी

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणतात, ते खर्च आणि धावपळ सोसून झाल्यावर. हा खर्च टाळून साधेपणाने लग्न करणारी मुले-मुली आता गावोगावी दिसतात. कुणी विवाह अधिकाऱ्यांसमोर सह्या करतात, कुणी घरच्या अंगणात चार माणसांत हार घालतात आणि आलेल्यांना जिलेबी-मसालेभात देऊन मोकळे होतात. ही गोष्ट तशी नवी नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच साध्या, कमी खर्चाच्या लग्नाची वाट घालून दिली होती.

अशा लग्नातही वधूच्या तयारीकडे आई, मावशी, वहिनी लक्ष देतात. नवरदेवाला मात्र कुणी काही विचारत नाही. त्याचीही समजूत अशी असते की बँड नाही, घोडा नाही, मग तयारी ती कसली? आदल्या दिवशी कटिंग-दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला की झाले! समारंभ लहान झाला म्हणून संसार लहान होत नाही. ज्या शरीराने हा संसार करायचा, त्याची विचारपूस लग्नाआधी एकदा व्हायला हवी.

विशेष विवाह कायदा १९५४ प्रमाणे लग्न करायचे तर विवाह अधिकाऱ्यांकडे आधी नोटीस द्यावी लागते. वराचे वय २१ आणि वधूचे १८ वर्षे पूर्ण हवे. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते आणि सह्यांच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. हे ३० दिवस बहुतेक नवरदेव नुसते वाट पाहण्यात घालवतात. वैद्यकीय दृष्टीने मात्र हा महिना फार उपयोगाचा आहे. ज्यांना नोटीस द्यावी लागत नाही, त्यांनीही तारीख ठरली की एक महिना हाताशी ठेवावा.

पहिला आठवडा : रक्ताची तपासणी

पत्रिका जुळते की नाही हे पाहणारे पुष्कळ, पण रक्त तपासून घेणारे थोडे. त्यातून गैरसमजही बरेच आहेत. ‘दोघांचा रक्तगट एकच आहे, लग्न केले तर चालेल का?’ हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना वारंवार विचारला जातो. चालेल, नि:शंकपणे चालेल. एकच रक्तगट असल्याने मुलांना काहीही अपाय होत नाही. लक्ष द्यायचे ते आरएच घटकाकडे. वधू आरएच निगेटिव्ह आणि वर पॉझिटिव्ह असेल, तर तिला गरोदरपणाच्या २८व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ‘अँटी-डी’चे इंजेक्शन द्यावे लागते. गर्भपात झाला तरी हे इंजेक्शन डॉक्टरांना विचारावे. एवढे माहीत असले की पुढचे मूल सुरक्षित राहते. यासाठी लग्न मोडण्याचे काही कारण नाही.

दुसरी महत्त्वाची तपासणी सिकलसेलची. विदर्भात, नंदुरबारकडे आणि आदिवासी भागांत हा आजार पुष्कळ आढळतो. ज्याच्या रक्तात सिकलसेलचा एकच दोष आहे तो ‘वाहक’. तो धडधाकट असतो, शेतात राबतो, त्याला काही जाणवतही नाही. पण वर आणि वधू दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल चांगले झाले म्हणून दुसऱ्याला धोका नाही, असा हिशेब इथे चालत नाही. आजारी मुलाला वारंवार हाडे-सांधे दुखण्याचे झटके येतात, रक्त कमी होते आणि आईबापांच्या दवाखान्याच्या खेपा संपत नाहीत.

थॅलेसेमियाचेही गणित असेच आहे. सिंधी, कच्छी, पंजाबी कुटुंबांत तो अधिक आढळतो, तथापि इतरांत नाही असे नाही. मामाच्या मुलीशी किंवा अन्य जवळच्या नात्यात लग्न होत असेल तर या दोन्ही तपासण्या टाळू नयेत. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आहे. तपासणीबाबत जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

दोघेही वाहक निघाले तर? अशा जोडप्याने घाबरून न जाता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास, गर्भाची तपासणी करता येते. निर्णय दोघांचा, परंतु तो माहितीवर आधारलेला असावा.

तिसरी तपासणी एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’ची. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात विनामूल्य होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. गेल्या तीन महिन्यांत काही धोका पत्करला असेल तर तपासणी आता आणि तीन महिने झाल्यावर पुन्हा करावी, कारण संसर्ग रक्तात दिसायला अवधी लागतो. एचआयव्ही आहे म्हणून आयुष्य संपले, असे आता राहिलेले नाही. नियमित औषधाने विषाणूंचे प्रमाण रक्तात मोजता येणार नाही इतके खाली जाऊन तसेच टिकले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण ही गोष्ट जोडीदाराला लग्नाआधी माहीत असायलाच हवी. माहितीसाठी १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. कावीळ ‘ब’ची लस तीन मात्रांची असते आणि पुरी व्हायला सहा महिने लागतात, म्हणून पहिली मात्रा लगेच घ्यावी.

या तपासण्यांत नवरदेवाने आधी जावे. ‘तिची करून घ्या’ असे म्हणून स्वत: मागे राहणे शोभत नाही. तपासणी ही संमतीने करायची असते, कुणावर लादायची नसते. आपला कागद आधी पुढे ठेवला की समोरच्याला संकोच वाटत नाही.

सही करण्यापूर्वी सांगावे

आता थोड्या नाजूक विषयाकडे वळू. फिट येणे, मधुमेह, दमा, क्षयाचे चालू उपचार, मनाच्या आजाराच्या गोळ्या हे सर्व लग्नापूर्वी लपवले जाते. बहुधा घरचीच वडीलधारी माणसे सांगतात, ‘आत्ता कशाला बोलतोस? एकदा लग्न होऊ दे.’ मुलगाही गप्प बसतो. पाहुण्यांसमोर गोळी घ्यायची लाज वाटते म्हणून तो लग्नाच्या आठवड्यात औषध बंद करतो. त्यात जागरण आणि उपास यांची भर पडते. फिटच्या रुग्णाला गोळी चुकणे आणि झोप मोडणे या दोन्ही गोष्टी एकदम घातक ठरतात. मग मंडपात नाही, तर लग्नानंतरच्या पहिल्याच रात्री फिट येते. जिला कशाचीच कल्पना नाही अशी नवी नवरी एकटी समोर असते. तिला काय करावे ते कळत नाही, आणि आपल्याला फसवले हे मात्र आयुष्यभर लक्षात राहते.

तेव्हा एका संध्याकाळी दोघांनी शांतपणे बसावे. आपल्याला काय आहे, कोणती गोळी कधी घ्यावी लागते, त्रास झाला तर काय करायचे, हे सरळ सांगावे. फिट आली तर कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर तातडीने दवाखाना गाठायचा. एवढे तिला माहीत असले तरी पुष्कळ आहे. ऐकून तिने नकार दिला तर वाईट वाटेल हे खरे. पण तो नकार सहीच्या आधी मिळालेला बरा.

तंबाखू आणि तोंड

तोंड उघडून स्वत:ची तीन बोटे उभी आत जातात का, हे आरशासमोर पाहावे. जात नसतील तर तोंडाची आतली कातडी कडक होऊ लागली असण्याचा संभव आहे. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचा हा आजार असून त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे खाणाऱ्याला सांगावे लागत नाही! दंतवैद्याला लगेच दाखवावे. व्यसन सोडले की चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणे हे त्रास पहिल्या आठवड्यात जास्त होतात आणि साधारण महिनाभरात ओसरतात. म्हणजे आजच पुडी टाकली तर सह्यांच्या दिवसापर्यंत बराचसा त्रास मागे पडलेला असेल. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक आहे.

चेहरा, केस आणि हळद

गोरे होण्यासाठी मित्राने सांगितलेले मलम लावू नये. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. आठ दिवस चेहरा उजळ वाटतो, नंतर मुरूम उठतात, कातडी पातळ आणि लाल होते, मलम सोडले की आग होते. केस काळे करायचे असतील तर कलपाचा थेंब आधी कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आल्यास तो कलप वापरू नये. ‘काळ्या मेंदी’तही बहुधा तेच रसायन असते. ताज्या दाढीवर हळद-उटणे चोळल्यास चरचरते, म्हणून हळद आधी आणि दाढी नंतर. सलूनमध्ये नवे ब्लेड मागून घ्यावे. कावीळ ‘ब’ वापरलेल्या ब्लेडमधूनही पसरते.

पहिल्या रात्रीची भीती

या भीतीपायी कित्येक तरुण भिंतींवरच्या जाहिराती वाचून भलत्याच ‘तज्ज्ञां’कडे जातात. झोपेत वीर्य जाणे नैसर्गिक आहे, त्याने अशक्तपणा येत नाही. अशा चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर १९५४ सालच्याच दुसऱ्या एका कायद्याने बंदी आहे. उत्तेजक गोळी मित्राकडून घेऊन खाऊ नये. हृदयविकाराची नायट्रेट प्रकारची औषधे घेणाऱ्याच्या तर ती जिवावर बेतू शकते. दगदग, संकोच आणि भीती यांमुळे पहिल्या रात्री काही न जमणे अगदी सर्वसाधारण आहे. रक्तस्राव झाला नाही म्हणून पत्नीवर संशय घेणे हे अज्ञान आणि अन्याय दोन्ही आहे. तिची इच्छा नसेल तर थांबावे. दोघांनी नुसते बोलत बसले तरी लग्नाचा आरंभ चांगलाच झाला म्हणायचा.

मूल केव्हा हवे, हेही आधी ठरवावे. लगेच नको असेल तर निरोध प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो. पत्नीने गोळ्या घ्यायच्या असतील तर तिने डॉक्टरांना आधी दाखवावे. लवकर हवे असेल तर तिला फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करायला सांगावे आणि नवरदेवाने तंबाखू-दारू सोडावी. पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, हे ध्यानात ठेवावे.

लग्नाचा दिवस

साध्या लग्नात नवरदेवच भाजी आणतो, खुर्च्या सांगतो, पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन येतो. ही कामे आदल्या दिवशी दुपारी भावाकडे किंवा मित्राकडे द्यावीत. मोटारसायकल काढलीच तर हेल्मेट घालावे. मित्रांच्या पार्टीत दारू घेऊन गाडी चालवू नये. रात्री सात तास झोप घ्यावी. सकाळी उपाशी न राहता पोहे-उपमा खावा, नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी आणि उन्हाळा असेल तर पाणी सोबत ठेवावे. कार्यालयात नंबर लागेपर्यंत दोन तासही जातात.

नोटीस देऊन आलेल्या नवरदेवाने दुसऱ्या दिवशी सकाळी आधी रक्त तपासायला जावे. शर्टाचे कापड त्यानंतर घेतले तरी चालेल.