थकीत आयकराचा निपटारा

आयकराच्या प्रत्येक थकबाकीमागे करचुकवेगिरी असतेच असे नाही. विवरणपत्रातील चूक, कापलेल्या कराची नोंद न जुळणे किंवा अधिकाऱ्याने नाकारलेली वजावट यांतूनही ती उभी राहते. म्हणूनच थकबाकी मिटवण्याचा विचार करताना आधी मागणी खरी आहे का, हे तपासावे लागते आणि रक्कम कशी भरायची हा प्रश्न त्यानंतर येतो.

१९६१ च्या आयकर कायद्यानुसार कलम १५६ खालील मागणी नोटीस, म्हणजे देय रक्कम कळवणारे पत्र, मिळाल्यापासून सर्वसाधारणपणे ३० दिवसांत रक्कम भरावी लागते. ही मुदत टळली की न भरलेल्या रकमेवर दरमहा १ टक्का व्याज चढू लागते, थकीत कराइतका दंड होऊ शकतो आणि प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे गेल्यास बँक खाते, पगार वा मालमत्ता यांवर जप्ती येऊ शकते.

मागणीतील चूक उघड असेल, उदाहरणार्थ भरलेल्या कराची वजावटच दिली गेली नसेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मतभेद कायद्याच्या अर्थाविषयी असल्यास अपील करावे लागते. मात्र अपील दाखल केल्याने वसुली आपोआप थांबत नसल्यामुळे स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते. ३१ जुलै २०१७ च्या सूचनेनुसार विवादित मागणीच्या २० टक्के रक्कम भरल्यावर पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती सहसा देण्याची पद्धत ठरली आणि योग्य प्रकरणी अधिकारी याहून कमी रकमेवरही स्थगिती देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

मागणी मान्य आहे, पण एकरकमी पैसे नाहीत, अशा करदात्याला मुदत संपण्यापूर्वी अर्ज करून हप्ते मागता येतात. त्या काळात व्याज सुरूच राहते. तथापि खरी आर्थिक अडचण, आवाक्याबाहेरची कारणे आणि चौकशीत दिलेले सहकार्य या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्यास ते कमी किंवा माफ होऊ शकते.

याखेरीज सरकार अधूनमधून अभय योजना, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती सवलत, आणते. केंद्राच्या २०२० व २०२४ च्या ‘विवाद से विश्वास’ योजनांत मुख्यतः विवादित कर भरणाऱ्याला व्याज आणि दंड माफ झाला, तर महाराष्ट्राने २०२३ मध्ये जीएसटीपूर्व राज्य करांची कोणत्याही एका वर्षाची २ लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ केली. अशा योजनांमुळे अडकलेला महसूल वसूल होतो आणि खटले घटतात. परंतु वेळेवर कर भरणाऱ्यावर त्यांतून अन्याय होतो, हा आक्षेपही रास्त आहे.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे नोटिशीत नमूद केलेले कलम आधी पाहावे. पुढच्या अभय योजनेची वाट पाहत नोटीस बाजूला ठेवणे मात्र सर्वांत महाग पडते, कारण योजना येण्याची हमी नसते आणि व्याज दर महिन्याला वाढतच राहते.