सात नंबर नेमका कोणाचा?

तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा तुमची विनंती पुष्कळदा थेट त्या साइटच्या सर्व्हरकडे जातच नाही. कॉलेजात, ऑफिसात, मोठ्या साइटच्या दाराशी मध्येच एक प्रोग्राम बसलेला असतो: प्रॉक्सी सर्व्हर. तो तुमचं म्हणणं ऐकून घेतो, पलीकडच्या सर्व्हरला कळवतो आणि आलेलं उत्तर तुमच्या हाती ठेवतो. एकाच वेळी शेकडो, कधी हजारो लोक त्याच्याशी बोलत असतात. या गर्दीत तो तुम्हाला ओळखतो तरी कसा? तो सी भाषेत लिहिलेला असेल तर त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे एक पूर्णांक. सात. किंवा एकोणीस. बस्स, एवढंच!

यात जराही अतिशयोक्ती नाही. १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून सॉकेट नावाची सोय जगापुढे आली, आणि आजही लिनक्सवर ती जवळजवळ तशीच चालते. नवं गिऱ्हाईक आलं की प्रॉक्सी 'अ‍ॅक्सेप्ट' हे फंक्शन बोलावते आणि तिच्या हाती पडतो एक आकडा. तुमचा पत्ता, वाटेत असलेली पाकिटं, कोणतं पोचलं, कोणतं पुन्हा पाठवायचं हा सगळा संसार ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहतो. प्रोग्रामला त्यातलं काहीही थेट दिसत नाही. त्याच्याकडे असतो फक्त तो आकडा, ज्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात.

देवळाबाहेरचं चप्पल स्टँड डोळ्यांपुढे आणा. चपला आत जातात, तुमच्या हातात नंबरचा बिल्ला येतो. कर्नलचंही तसंच आहे, पण त्याचा एक नियम विलक्षण कडक आहे: नवा बिल्ला देताना मोकळ्या असलेल्यांपैकी सगळ्यांत लहान नंबरच द्यायचा. शून्य, एक आणि दोन हे नंबर प्रोग्राम सुरू होतानाच वाटलेले असतात, शून्य वाचण्यासाठी, एक लिहिण्यासाठी, दोन चुका सांगण्यासाठी. सातच्या आतले सगळे बिल्ले बाहेर असतील आणि कोणी सात परत केला, तर पुढच्याच क्षणी येणाऱ्या गिऱ्हाइकाला सातच मिळणार.

हा नियम कशाला? जुन्या युनिक्सवाल्यांनी त्यावर एक सुरेख युक्ती उभारली होती. 'एक' हा नंबर बंद करायचा आणि लगेच एखादी फाइल उघडायची. त्या फाइलला हमखास एक हाच नंबर मिळणार. मग ज्या प्रोग्रामला फाइलबिईल काही ठाऊक नाही, तो पडद्यावर लिहितोय असं समजून बिनदिक्कत त्या फाइलमध्ये लिहीत राहतो! युक्ती इतकी उपयोगी ठरली की नियम पॉझिक्स या प्रमाणकात कायमचा जाऊन बसला. त्या काळी एका प्रोग्राममध्ये एकच काम चालायचं, त्यामुळे धोका नव्हता.

मग थ्रेड आले, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे अनेक धागे. १९९५ साली पॉझिक्समध्ये त्यांचं प्रमाणक ठरलं. प्रॉक्सीला ते वरदानच. एकामागून एक गिऱ्हाईक घेतलं तर एका मंद कनेक्शनपायी बाकीचे सगळे खोळंबतात. त्याऐवजी प्रत्येकासाठी एक थ्रेड सोडून द्या, तो आपापलं बघेल. पण एका प्रोग्राममधले सगळे थ्रेड एकच मेमरी वापरतात. आणि बिल्ल्यांचा तक्ताही सगळ्यांना मिळून एकच!

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या एका प्रसिद्ध अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना सीमध्ये वेब प्रॉक्सी लिहायला लावतात. तिथे भेटणारा पहिला सापळा इतका छोटा आहे की त्याचं कौतुक वाटतं. मुख्य थ्रेड आलेला नंबर एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि नव्या थ्रेडला त्या व्हेरिएबलचा पत्ता देतो: तुझा नंबर इथे आहे, वाचून घे. नवा थ्रेड जागा होऊन वाचणार, इतक्यात मुख्य थ्रेडने पुढचं गिऱ्हाईक घेतलेलं असतं आणि त्याच व्हेरिएबलमध्ये आठ लिहिलेला असतो. पहिला थ्रेड वाचतो आठ. दुसराही वाचतो आठ. आठच्या दिमतीला दोघं, आणि सात नंबर बिचारा उत्तराची वाट बघत बसलेला! उपाय सोपा आहे: प्रत्येक थ्रेडला नंबर ठेवायला मेमरीतली स्वतंत्र जागा द्यायची.

सामायिक मेमरीचा असाच घोर 'एर्रनो'मुळे लागला असता. सीमध्ये काही बिनसलं की त्या चुकीचा क्रमांक या नावाच्या एकाच सार्वजनिक व्हेरिएबलमध्ये टाकायची जुनी पद्धत. शंभर थ्रेड आणि जागा एक! तुमच्या थ्रेडची चूक तुम्ही वाचेपर्यंत तिथे दुसऱ्याची चूक येऊन बसणार. जगभरचा जुना कोड तर बदलता येत नाही. मग काय केलं? नाव तेच ठेवलं आणि आतून त्याचा मॅक्रो केला. आज लिनक्सवर तुम्ही एर्रनो लिहिलंत की गुपचूप एक फंक्शन चालतं आणि त्याच थ्रेडच्या मालकीच्या जागेचा पत्ता आणून देतं. लाखो ओळींतलं एक अक्षर न बदलता सार्वजनिक वस्तू खासगी झाली. ज्यांना हे सुचलं त्यांना माझा दंडवत.

आता खऱ्या चमत्काराकडे येऊ.

एचटीटीपीएसचा मजकूर मधल्या प्रॉक्सीला एरवी वाचता येत नाही. ब्राउझर तिला एवढंच सांगतो की मला अमक्या सर्व्हरशी जोडून दे. मग ती दोन्ही बाजूंचे बाइट डोळे मिटून इकडून तिकडे करत राहते. साधी रचना म्हणजे दोन थ्रेड. नेणारा आणि आणणारा. गिऱ्हाइकाचं सॉकेट सात, पलीकडच्या सर्व्हरचं आठ. नेणारा सातवरून वाचून आठवर लिहितो, आणणारा आठवरून वाचून सातवर.

गिऱ्हाइकाने टॅब बंद केला. नेणाऱ्याला कळलं की संभाषण संपलं. त्याने शहाण्यासारखे सात आणि आठ दोन्ही नंबर बंद केले. नेमक्या त्याच वेळी आणणाऱ्याच्या हातात आठवरून आलेले शेवटचे बाइट आहेत आणि तो ते सातवर लिहायला निघालाय. या दोन घटनांच्या मधल्या फटीत मुख्य थ्रेडकडे एक नवीन माणूस आला. मोकळा असलेला सगळ्यांत लहान नंबर कोणता? सात! बिल्ला दिला गेला. आणि आता आणणारा सातवर लिहितो.

काय होतं? काहीच होत नाही. चूक येत नाही, प्रोग्राम पडत नाही, लिहिलेल्या बाइटांचा आकडा अगदी हवा तेवढा परत येतो. फक्त एकाचा मजकूर दुसऱ्याच्या कनेक्शनमध्ये जाऊन पडलेला असतो. नेणाऱ्याने नंबर बंद केला, बरोबर केलं. कर्नलने नियमाप्रमाणे सात दिला, बरोबर दिला. आणणाऱ्याने आपल्या नंबरवर लिहिलं, त्यातही वावगं काही नाही. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर निर्दोष, आणि तरी एकाच्या चपला दुसऱ्याच्या पायात!

हा निव्वळ वर्गातला प्रश्न आहे असं वाटलं का? ऑगस्ट २०१४ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी आयफोनवरच्या आपल्या अ‍ॅपमधल्या एका बगची हकिकत प्रसिद्ध केली. अ‍ॅपची डेटाबेस फाइल अधूनमधून खराब व्हायची आणि कारण सापडत नव्हतं. खराब झालेल्या फाइली उघडून पाहिल्या तर सुरुवातीला वेगळेच बाइट: १७ ०३ ०३. जाणकाराने ते बघताच ओळखावेत असे, कारण टीएलएसने, म्हणजे एचटीटीपीएसच्या आतल्या कूटलेखनाने, गुंडाळलेला मजकूर याच खुणेने सुरू होऊ शकतो. नेटवर्कवर जायचा मजकूर डेटाबेसमध्ये कसा? सॉकेट बंद झालं होतं, त्याचा नंबर डेटाबेसच्या फाइलला मिळाला होता, आणि नेटवर्कचा थर जुन्याच नंबरवर लिहीत होता.

एस्क्यूलाइट या डेटाबेसच्या निर्मात्यांनी याच जातीचा फटका २०१३ मध्ये खाल्ला. त्यांच्याच कोडच्या भांडारात 'दोन' हा नंबर चुकून बंद झाला, तो डेटाबेस फाइलला मिळाला, आणि पुढे प्रोग्रामने चूक झाल्याचा संदेश 'दोन'वर लिहिला. तो थेट डेटाबेसवर उमटला. तेव्हापासून एस्क्यूलाइट शून्य, एक, दोन हे नंबर डेटाबेससाठी घेतच नाही.

मग कुलूप लावावं, म्हणजे म्यूटेक्स? सातला हात लावायच्या आधी कुलूप घ्यायचं, काम झालं की सोडायचं. ऐकायला छान. पण आणणारा थ्रेड आठवरून वाचताना पलीकडून काही येईपर्यंत झोपून राहतो, कधी मिनिटभर, कधी तासभर. कुलूप घेऊन झोपला तर बंद करणारा बाहेर ताटकळणार. कुलूप सोडून झोपला तर मधल्या काळात नंबर पालटणार. आणि झोपलेल्या थ्रेडच्या हाताखालचा नंबर दुसऱ्याने बंद केला तर लिनक्सवर आणखी नवल घडतं. तो थ्रेड जागा होत नाही! कर्नलने त्याच्यासाठी जुनं सॉकेट आत जिवंत ठेवलेलं असतं, तक्त्यातून फक्त नंबर सुटलेला असतो.

सुटका होते ती एक गोष्ट लक्षात आली की. संभाषण संपवणं आणि बिल्ला परत करणं ही दोन वेगळी कामं आहेत. सॉकेटच्या कर्त्यांनी पहिल्यासाठी 'शटडाउन' नावाचं वेगळं फंक्शन ठेवलंय. ते बोलणं तोडतं, झोपलेल्या थ्रेडला उठवतं, त्याच्या हाती 'शून्य बाइट, संपलं' असं उत्तर देतं, पण नंबर कोणाला देत नाही. सात अजूनही तुमचाच. मग प्रत्येक जोडणीशेजारी एक मोजणी ठेवायची: या नंबरवर अजून किती थ्रेड काम करताहेत? जो थ्रेड संपतो तो मोजणीतून एक वजा करतो. ज्याच्या वजाबाकीने शून्य येतं, त्याने आणि फक्त त्यानेच 'क्लोज' म्हणायचं. कर्नलही आतमध्ये आपल्या सॉकेटांसाठी अशीच मोजणी ठेवतो, म्हणून तर ते जुनं सॉकेट झोपलेल्या थ्रेडसाठी जिवंत राहिलं.

पण थांबा. एक वजा करणं हीसुद्धा प्रोसेसरसाठी तीन कामं आहेत: आकडा मेमरीतून आणणं, एक वजा करणं, परत ठेवणं. दोन थ्रेडांनी एकदम 'दोन' वाचला तर दोघंही 'एक' लिहून निघून जातील. शून्य कोणालाच दिसणार नाही आणि नंबर कायमचा अडकेल. असे नंबर साठत गेले की एक दिवस कोटा संपतो (लिनक्सवर तो बहुधा १०२४ असतो) आणि प्रॉक्सी नवीन गिऱ्हाईक घेणंच थांबवते. इथे मदतीला येतो खुद्द प्रोसेसर. २०११ च्या सी प्रमाणकाने अणुवत, म्हणजे मध्येच न तुटणाऱ्या, क्रिया भाषेतच आणल्या. इंटेल किंवा एएमडीच्या चिपवर अशी वजाबाकी एकाच सूचनेत होते, आणि तेवढ्या वेळापुरता ती करणारा प्रोसेसरचा गाभा (कोर) मेमरीचा ६४ बाइटांचा तुकडा आपल्या एकट्याच्या ताब्यात ठेवतो. बाकीच्या गाभ्यांना थांबावंच लागतं. त्यामुळे शून्य नेमकं एकाच थ्रेडला दिसतं. कोणी मुकादम नाही, मतदान नाही, आणि तरी शेवटचा कोण याबद्दल कधीच दुमत होत नाही. तुमचा मजकूर तुमच्याच पडद्यावर येतो, त्याचा पाया हा इतका खोल सिलिकॉनमध्ये जातो!

सगळ्याच प्रॉक्सी थ्रेडांच्या वाटेने गेल्या नाहीत. एन्जिनएक्स वेगवेगळ्या प्रोसेस चालवतं, प्रत्येकीचा नंबरांचा तक्ता निराळा आणि प्रत्येकीत गिऱ्हाइकांशी बोलणारा मुख्य थ्रेड एकच. एचएप्रॉक्सी वर्षानुवर्षं एका थ्रेडवर अफाट वेगाने चालली आणि २०१७ च्या १.८ आवृत्तीत थ्रेडांकडे वळली. मला यात त्यांचा सावधपणा दिसतो, आणि तो योग्यच होता.

कारण हे बग शोधणं महाकठीण. तपासायला म्हणून मध्ये एक संदेश छापायची ओळ घातली की वेळेचं गणित बदलतं आणि बग गायब होतो. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ च्या एका निबंधात अशा बगांना हायझेनबग म्हटलं. यावर माणसाने काढलेलं उत्तर म्हणजे थ्रेडसॅनिटायझर, गूगलमध्ये जन्मलेलं आणि २०१३ पासून जीसीसी कंपायलरमध्येही आलेलं. प्रोग्राम त्याच्यासोबत पाच ते पंधरा पट मंद चालतो, पण कोणत्या थ्रेडने कशाला हात लावला आणि त्यांच्यात क्रम ठरवणारं काही होतं का, याची ते नोंद ठेवतं. त्यामुळे प्रत्यक्ष घोटाळा झाला नसला तरी ते 'इथे होऊ शकला असता' असं सांगतं. आणि ही नोंद फक्त मेमरीपुरती नाही. ते फाइल डिस्क्रिप्टरांवरही नजर ठेवतं, आणि कोणत्या नंबरवरून कोणत्या दोन थ्रेडांची टक्कर झाली हे अहवालात लिहून देतं.

सी येत असेल तर एक छोटी प्रॉक्सी जरूर लिहा, आणि ती पहिल्यांदा चालवाल तेव्हाच थ्रेडसॅनिटायझरसोबत चालवा. त्याआधी लिनक्सवरचं 'क्लोज'चं मॅन पेज शेवटपर्यंत वाचा. क्लोज मध्येच तुटलं तरी ते पुन्हा बोलावू नका असं तिथे बजावलंय: पहिल्याच हाकेला नंबर सुटलेला असतो, आणि दुसऱ्या हाकेला तुम्ही कदाचित दुसऱ्याच कोणाचं कनेक्शन बंद कराल.