बक्षीस देणारे कोण असतात?



सिनेमाच्या पोस्टरवर कधी कधी दोन बाजूंना पानांच्या डहाळ्या काढलेल्या असतात आणि मधोमध पुरस्काराचं नाव असतं. हे बक्षीस कोण देतं, कशावरून देतं, असा प्रश्न नवी मुंबईतल्या आमच्या बैठकीत निघाला. आज त्याबद्दलच बोलू या.

चित्रपट महोत्सव म्हणजे सिनेमांची जत्राच. देशोदेशीचे सिनेमे तिथे काही दिवस दाखवतात. बक्षीस ठरवणाऱ्या मंडळींना ज्युरी म्हणतात, म्हणजे आपले परीक्षक. मुख्य ज्युरीत बहुतेक करून सिनेमा बनवणारेच असतात, दिग्दर्शक, नट, नट्या. पण काही बक्षिसं समीक्षक देतात, म्हणजे सिनेमा पाहून त्याबद्दल लिहिणारी माणसं. त्यांची फिप्रेस्की नावाची जागतिक संघटना १९३० पासून आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी सिनेमाला २०२० साली इटलीतल्या व्हेनिस महोत्सवात या समीक्षकांचं बक्षीस मिळालं. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका तरुणाची ती गोष्ट आहे.

आशियातल्या सिनेमांसाठी नेटपॅक नावाची संस्था आहे. ती १९९० साली उभी राहिली, आणि ती उभी करण्यात पुढाकार होता अरुणा वासुदेव या भारतीय समीक्षक बाईंचा. जगभरातल्या महोत्सवांत नेटपॅकचीही ज्युरी बसते.

ही ज्युरी लहान असते, सहसा तीन ते पाच जणांची. वाट्याला आलेले सगळे सिनेमे पूर्ण पाहायचे, मग एकत्र बसून चर्चा करायची. तिथे नुसतं ‘मला आवडला’ म्हणून भागत नाही. का आवडला, ते सांगावं लागतं. गोष्ट खरी वाटते का? सांगायची रीत नवी आहे का? नट किती मोठा, खर्च किती झाला, हे बघायचं नाही. निकालासोबत कारणही दोन-चार ओळींत लिहून देतात. समीक्षकांच्या बक्षिसात रोख रक्कम सहसा नसते, मानपत्र असतं.

मग उपयोग काय? मोठा नट नसलेल्या सिनेमाला जाहिरातीला पैसा नसतो. जाणकारांनी शाबासकी दिली की लोकांचं लक्ष जातं, थिएटर मिळण्याची आशा वाढते. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ घ्या. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या गावात, गावच्याच लोकांना घेऊन केलेला हा सिनेमा. २०२३ साली कॅनडातल्या टोरंटो महोत्सवात त्याला नेटपॅकचं बक्षीस मिळालं. मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडच्या थिएटरांत लागला.

‘स्थळ’मधल्या सविताला शिकायचंय, पण घरात एकामागून एक पाहण्याचे कार्यक्रम होतात. पाटावर बसायचं, नाव सांगायचं, उंची सांगायची. आपल्यातल्या कितीजणी त्या पाटावर बसल्यात! तिथेही परीक्षकच बसलेले असतात, पण पोहे खाऊन उठतात आणि नंतर ‘नाही’ म्हणून निरोप येतो. कारण कुणी सांगत नाही, आणि मुलीने विचारायचंही नसतं. सिनेमाला बक्षीस देताना चार ओळींचं कारण लिहितात. मुलीला नाकारताना तेवढंही कुणाला जरुरीचं वाटत नाही. या दोन पारखण्यांतला फरक आम्हाला फार मोठा वाटला.

म्हणून पुढच्या बैठकीत एक करून बघा. सगळ्याजणी मिळून एखादा सिनेमा किंवा मालिकेचा एक भाग बघा. मग प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या. यातली बाई खरी वाटली का? तिच्या मनातलं तिला बोलू दिलं का? आणि आवडलं किंवा नाही आवडलं, ते का? सासूबाईंनाही विचारा, कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाही विचारा. मतं जुळली नाहीत तरी चालेल, ज्युरीतही जुळत नाहीत. फक्त ‘का’ सोडू नका. एकदा ही सवय लागली की घरात येणाऱ्या स्थळालाही आपण विचारू शकू, ‘आमची मुलगी नको म्हणता, ते का?’